फॉरवर्ड करण्याआधी थांबायला शिकवणारे हात हवेत

सोलापूरकर बंधू-भगिनींनो, नमस्कार.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा आठवडे बाजार. तिथं त्या दिवशी पाच माणसांना जमावानं मारत नेलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार केलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, एवढी एक अफवा त्याला पुरली. ती पाचही माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. त्यांतली बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली होती. घटना धुळ्याची म्हणून आपण ती विसरलो, पण रडणारी घरं आपल्या जिल्ह्यातली होती.

त्या वर्षी देशभर मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि निघून जातात. मूळ फिल्म कराचीतली. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी ती केली होती. तिच्या शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि हातातला फलक उघडून दाखवतात. कुणीतरी नेमका तेवढा शेवट कापला आणि उरलेला तुकडा पुढे पाठवला. तो खरा मानणारे लोक दुष्ट नव्हते. आपल्या पोरांसाठी घाबरलेले आईबाप होते, आणि हेच आम्हाला जास्त अस्वस्थ करतं.

पुढे व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी, असं केलं. मेसेजवरच्या त्या दोन बाणांचा अर्थ हाच, की तो अनेक हातांतून फिरून आला आहे. आमच्या वाचनालयातल्या रविवारच्या वर्गात आम्ही विचारलं, तेव्हा एकाही मुलाला हे माहीत नव्हतं.

आमचं वाचनालय पूर्व भागातलं, दोन खोल्यांचं. गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी संध्याकाळी आठवी ते बारावीच्या मुलांना आम्ही बातमी तपासायला शिकवतो. त्यातला एक प्रसंग सांगावासा वाटतो. 'उजनी फुटली, भीमाकाठच्या गावांत पाणी शिरलं' असा मेसेज आणि सोबत पाण्यात बुडालेल्या बाजारपेठेचा फोटो, असं एका मुलाच्या मामाकडून आलं होतं. पंढरपूरला नातेवाईक असलेल्या दोघी-तिघी घाबरल्याच. आम्ही म्हटलं, आधी फोटो मोठा करून बघा. एका दुकानाच्या पाटीवर अक्षरं होती. घरी तेलुगू बोलणारी, आजीकडून तेलुगू वाचायला शिकलेली एक मुलगी म्हणाली, "सर, हे तेलुगू नाही." शेजारच्या कानडी मुलानं मान हलवली, "कानडी पण नाही." मग गुगल लेन्समध्ये फोटो टाकला, तर तो केरळातल्या जुन्या पुराचा निघाला. सोलापूरच्या पोरांना चार लिप्यांची ओळख असते. ही केवढी मोठी ताकद आहे, हे त्या दिवशी आम्हालाच नव्यानं कळलं.

पण अफवाही इथं मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू अशा चारही भाषांतून येतात. विड्या वळता वळता बाया त्या ऐकतात, कारखान्यात माग चालू असताना त्या कानोकानी जातात. दहा रुपयांचं नाणं बंद झालं म्हणून किती वेळा भाजीवाल्या मावशींनी ते परत केलं असेल! रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच सांगितलं आहे, की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले सगळे १४ प्रकार चलनात आहेत. कोंबडी खाल्ली की कोरोना होतो, या २०२० मधल्या मेसेजनं राज्यातल्या पोल्ट्रीवाल्यांना मातीमोल भावात माल विकायला लावला. आता योजनांच्या नावानं लिंक येतात, आधार आणि बँकेचा नंबर मागतात. अशा वेळी घरातलं शिकलेलं पोरगंच आईचा हात धरू शकतं. चुकून पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा, हेही आम्ही पाठ करून घेतो.

सगळ्यात अवघड धडा वेगळाच असतो. काकांनी फॅमिली ग्रुपवर खोटं टाकलं, तर काय करायचं? ग्रुपवर सगळ्यांसमोर त्यांना खोटं पाडलं की काका हट्टाला पेटतात आणि मेसेज राहतो बाजूला. म्हणून मुलांना सांगतो, वेगळा मेसेज करा, 'काका, हे मी तपासलं, जुनं निघालं, बघता का?' एवढंच लिहा. काहींनी तसं केलं. एका आजोबांनी मेसेज काढूनही टाकला.

हे काम आता शाळाशाळांत न्यायचं आहे. यंदा वीस शाळा धरल्या आहेत, विडी घरकुल आणि एमआयडीसी भागातल्या आधी. एका शाळेत चार तासिका घ्यायच्या, तर झेरॉक्स, रिक्षाभाडं आणि नेटचा रिचार्ज धरून साधारण दीड हजार रुपये लागतात. म्हणजे तीस हजारांची गरज आहे. कुणी एका शाळेचा खर्च उचलला तरी चालेल, पन्नास रुपये दिले तरी चालतील. पावती प्रत्येकाला मिळेल आणि हिशेब वाचनालयाच्या फळ्यावर लागेल. कोणत्याही पक्षाचे किंवा उमेदवाराचे पैसे घेणार नाही, यावर आमचं सगळ्यांचं एकमत आहे. या कामावर कुणाचा रंग चढला, की मुलांचा विश्वास गेलाच समजा.

पैशांपेक्षाही माणसं हवीत. तेलुगू, कानडी किंवा उर्दू नीट वाचता येणारे, निवृत्त शिक्षक, वर्तमानपत्रात काम केलेले, आठवड्यातले दोन तास देऊ शकणारे कॉलेजचे विद्यार्थी. घरात जुना पण चालू स्मार्टफोन पडून असेल, तर तोही द्या. चार मुलांत एक फोन अशी सध्या आमची स्थिती आहे. मुख्याध्यापकांना एकच विनंती, शनिवारच्या सकाळच्या शाळेत एक तासिका मोकळी करून द्या.

रविवारी संध्याकाळी पाचनंतर वाचनालयात या. येताना आपल्या फोनवर आलेला, खरा की खोटा ते कळत नसलेला एखादा मेसेज घेऊन या. मुलं तुमच्यासमोर बसून तो तपासतील.

आपले,
वाचनालयाचे कार्यकर्ते, पूर्व भाग, सोलापूर