जटायू गरुड नव्हता हो!

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पुराणातल्या आणि इतिहासातल्या फेमस पक्ष्यांवर पान आलं होतं, मजा आली वाचायला, पण जटायूच्या मजकुराशेजारी फोटो चक्क गरुडाचा! जटायू गिधाड होता हो. वाल्मीकींनी सरळ गृध्रराज म्हटलंय त्याला. गरुड त्याचा काका, म्हणजे विनतेची दोन पोरं अरुण आणि गरुड, आणि त्यातल्या अरुणाची मुलं संपाती आणि जटायू. पुतण्याच्या नावाखाली काकाचा फोटो छापलात तुम्ही.

चूक तुमच्या एकट्याची नाही म्हणा. गेल्या वर्षी नातवाच्या शाळेत गॅदरिंगला सीताहरण होतं आणि आमचे चिरंजीव जटायू. भाड्याने ड्रेस आला तो सोनेरी पंखांचा, मानेवर झुपकेदार पिसं. मी बाईंना म्हटलं की अहो हा गरुड झाला, तर म्हणाल्या, "आजोबा, गिधाड स्टेजवर कसं दिसेल?" काय बोलणार! आपल्याकडे गिधाड म्हणजे शिवीच, म्हाताऱ्याच्या इस्टेटीवर नातेवाईक जमले की गिधाडं टपली म्हणतो. आणि हे आजचं नाही, रामायणातसुद्धा रक्ताने माखलेला जटायू दिसल्यावर रामाला आधी वाटलं की यानेच सीतेला खाल्लं, बाण लावला धनुष्याला! साठ हजार वर्षांचा म्हातारा, रावणाशी झुंजून पंख तुटून पडलाय आणि पहिला संशय त्याच्यावरच. नंतर रामानेच त्याला अग्नी दिला. आमच्या नाशिककडे टाकेदला ती जागा दाखवतात, रामाने त्याच्यासाठी बाण मारून सगळ्या तीर्थांचं पाणी आणलं म्हणून सर्वतीर्थ टाकेद.

लहानपणी आमच्या गावात बैल मेला की ओढत नेऊन माळावर टाकायचे. वर आभाळात काही म्हणजे काही नसायचं आणि तासाभरात तीसचाळीस गिधाडं उतरलेली. आधी लांब बसून राहायची, मग एखादं पुढे होऊन मान पार आत घालायचं, तेव्हा कळलं की मानेला पिसं का नसतात ते. संध्याकाळी नुसता सांगाडा उरायचा, वास नाही काही नाही. संपातीला समुद्राकाठी बसून शंभर योजनांवरची सीता दिसली म्हणतात, ते अंतर सोडा, पण लिहिणाऱ्याने गिधाड नीट बघितलेलं होतं एवढं नक्की.

आता माळ तोच आहे, गिधाडं नाहीत. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक द्यायचे, असं जनावर मेलं आणि ते यांनी खाल्लं की यांची किडनी जायची. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशातून ९९ टक्क्यांहून जास्त संपली. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली पण तोवर उशीर झाला होता. हरियाणात पिंजोरला गिधाडांची पैदास करतात, त्या केंद्राला मात्र नाव जटायूचंच दिलंय, ते बरं केलं.

तर पुढच्या रविवारी छोटीशी दुरुस्ती टाका आणि फोटो गिधाडाचाच छापा, बोडक्या मानेचा. नातवाने शेवटी माझं ऐकलं, झुपके काढून टाकले आणि डोक्यावर स्विमिंग कॅप चढवून स्टेजवर गेला, बाई अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक