डोंगरावरचा एकर कागदावर सपाटच असतो

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘डोंगरात स्वतःची जागा’ या विषयावर पानभर मजकूर वाचला. त्यात धुके आहे, सूर्योदय आहे, लाकडी घराचे चित्र आहे. उतार हा शब्द मात्र एकदाही आलेला नाही. माझी नोकरी भूमापनात गेली, त्यातली बरीचशी डोंगराळ मुलखात, म्हणून लिहावेसे वाटले.

नकाशा जमिनीकडे वरून पाहतो. खरेदीखतात लिहिलेले क्षेत्र उतारावर टेप टाकून काढलेले नसते, ते आडव्या पातळीवर उतरवलेले असते. 30 अंशांच्या उतारावर कागदावरचा एक एकर प्रत्यक्षात सुमारे 1.15 एकर भरतो. हे सांगितले की घेणाऱ्याचा चेहरा खुलतो. खुलण्यासारखे त्यात काही नाही. त्या जास्तीच्या जागेवर घर बसत नाही, कुंपणाची तार तेवढी जास्त लागते.

एका गृहस्थांनी नकाशातली 100 मीटरची बाजू पायथ्याच्या दगडापासून टेप जमिनीवर टेकवत वर मोजली आणि जिथे 100 भरले तिथे खांब रोवले. उतार तीसेक अंशांचा होता. आडव्या मापाने ते 87 मीटरच्याही थोडे अलीकडेच थांबले होते. वरचा तेराएक मीटरचा पट्टा, म्हणजे जिथून दरी दिसते म्हणून जागा घेतली नेमका तोच भाग, कुंपणाबाहेर राहिला. पुढे शेजाऱ्याने तिथे लाकडे रचायला सुरुवात केली. मोजणी झाली तेव्हा त्याचा एकच प्रश्न होता: ‘कुंपण यांनीच घातले ना?’ उत्तर द्यायला कोणी पुढे झाले नाही.

आता घराचे. पुढून मागे दहा मीटर भरणारे घर 30 अंशांच्या उतारावर बसवायचे तर पुढची आणि मागची बाजू यांत जवळजवळ पावणेसहा मीटरचा फरक पडतो, म्हणजे दोन मजल्यांना थोडाच कमी. मग मागे डोंगर खोदायचा आणि ती माती पुढे ढकलून भराव करायचा, हा नेहमीचा उपाय. अर्धे घर मूळ जमिनीवर, अर्धे भरावावर. भराव नीट दाबलेला नसेल तर तो बसतो आणि दोन्हींच्या सांध्यावरच भिंतीला तडा जातो. मागच्या खोदाईने डोंगराचा आधार काढलेला असतो, ते वेगळेच. रस्त्याचाही हिशेब करून पाहावा. दहास एक चढ धरला तर 100 मीटर उंचीवरच्या घरापर्यंत एक किलोमीटर रस्ता लागतो. दोन-चार एकरांत तो किलोमीटर बसवायचा कुठे, हे आर्किटेक्टला विचारण्याआधी स्वतःला विचारावे. आणि शेजाऱ्याच्या रानातली वाट आज कोणी अडवत नाही म्हणून ती आपली होत नाही. वाटेचा हक्क खरेदीखतात रुंदीसकट लिहिलेला हवा.

पाणी पावसाळ्यानंतर लगेच पाहायला जाणाऱ्यांना मी नेहमी म्हणतो, जरा थांबा. झरा कोरड्या ऋतूच्या अखेरीस पाहावा. तोही घराच्या वर आहे की खाली, हे महत्त्वाचे. वर असेल तर दर दहा मीटरला साधारण एक बार दाब फुकट मिळतो. खाली असेल तर तोच दाब पंपाने द्यावा लागतो. शोषखड्ड्याला मातीची खोली लागते. हातभर खाली कातळ लागत असेल तर सांडपाणी खालच्याच्या झऱ्यात उतरते.

जागा पाहताना झाडांची बुडे पाहावीत. एका उतारावरची बरीच खोडे बुडाशी वाकून मग सरळ वर गेलेली दिसली, तर वरची माती हळूहळू सरकत असण्याची शक्यता धरावी. घळीच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरलेला सपाट तुकडा सगळ्यांना आवडतो, बांधायला सोपा दिसतो. तो सपाट कशाने झाला? वरून वाहून आलेल्या दगडमातीने, आणि ती पुन्हा येऊ शकते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात ओसो गावाजवळ 22 मार्च 2014 रोजी डोंगर नदीकाठच्या वस्तीवर आला आणि 43 माणसे गेली. तोच डोंगर 2006 मध्येही घसरला होता. तरी त्यानंतरही तिथे घरे बांधली गेली.

माथ्यावर गेले की सुटलो असेही नाही. उतार दर दहा अंशांनी वाढला की चढत्या वणव्याचा वेग साधारण दुप्पट होतो. सर्वांत सुंदर देखावा आणि सर्वांत वेगवान आग बहुधा एकाच टोकाला पोचतात.

आपल्या लेखकाने शिकारीचाही ओझरता उल्लेख केला आहे. जमिनीच्या मालकाला तिथल्या जनावरांचीही मालकी मिळते, असा त्यांचा समज दिसतो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने स्वतःच्या जागेतही शिकारीला बंदी आहे, अपवाद अगदी मोजके. जर्मनीत शिकारीचा हक्क जमिनीला जोडलेला आहे खरा, पण स्वतःचे शिकारक्षेत्र म्हणून कायदा साधारणपणे सलग 75 हेक्टर मागतो; त्याहून लहान तुकड्याचा हक्क सर्व मालकांच्या मंडळाकडून वापरला जातो. खनिजांचे तर विचारूच नका. अमेरिकेत 1916 च्या कायद्याखाली चराईसाठी दिलेल्या जमिनींखालची खनिजे सरकारने स्वतःकडे ठेवली. वरचा मालक एक, खालचा दुसरा.

बांधकामाची मुभाही गृहीत धरू नये. फ्रान्समध्ये 1985 च्या पर्वत कायद्यामुळे नवे घर साधारणपणे असलेल्या वस्तीला लागूनच बांधावे लागते. स्वित्झर्लंडमध्ये 2012 च्या सार्वमताने गावातल्या सुट्टीच्या घरांवर 20 टक्क्यांची मर्यादा घातली. एकांत विकत घ्यायला निघालेल्यांनी हे आधी वाचावे.

जाहिराती थांबवा असे मी म्हणत नाही, वर्तमानपत्र त्यावरही चालते. डोंगरातल्या प्लॉटच्या जाहिरातीत क्षेत्रफळाच्या शेजारी सरासरी उताराचे अंश छापण्याची अट मात्र आपला जाहिरात विभाग घालू शकतो. फार तर अर्धी ओळ लागेल. देणारा तो आकडा द्यायला का कू करू लागला, तर घेणाऱ्याला साइट व्हिजिटचा खर्चही वाचेल.

आपला,
एक निवृत्त भूमापक