कीबोर्ड बिघडला नव्हता, उजवी शिफ्ट दाबून धरली होती

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

औशात तहसीलसमोर माझं छोटं ऑनलाइन सेंटर आहे, झेरॉक्स, टायपिंग, सातबारा, फॉर्म भरणं, पोरांना मराठी टायपिंग शिकवणं असं सगळं एकाच शटरात चालतं. पत्र लिहायचं कारण एवढंच की मागच्या दिवाळीच्या आसपास मी दोन कीबोर्ड, एक फॉरमॅट आणि लातूरहून दुरुस्तीला येणाऱ्या पोराचं पेट्रोल एवढा खर्च करून बसलो आणि शेवटी कळालं की बिघडलं काहीच नव्हतं. आपल्या भागात हे माझ्या एकट्याचं नाही, आजूबाजूच्या सेंटरवाल्यांना विचारलं तर चार जणांनी हेच सांगितलं, म्हणून म्हणलं पेपरला लिहावं.

२०२५ च्या सप्टेंबरात पावसानं मराठवाड्यात काय केलं ते तुम्ही छापलंच आहे. त्याच्या अनुदानाच्या ई-केवायसीला माणसं सकाळी आठपासून पायरीवर बसलेली. अशात एक दिवस आमच्या सेंटरवर टायपिंगला बसणाऱ्या पोरीचा कीबोर्ड बंद. बंद म्हणजे पूर्ण बंद नाही, लाईट लागायली, माऊस चालायलाय, पण अक्षर उमटंना, कंट्रोल-सी कंट्रोल-व्ही चालंना, ऑल्ट-टॅबनं खिडकी बदलंना. यादीतला शेतकऱ्याचा विशिष्ट क्रमांक कॉपी करून पेस्ट करायचा म्हणलं तर काहीच होईना. मी शेजारच्या दुकानातून नवा कीबोर्ड आणला, तेच. लातूरहून पोरगा आला, म्हणला हा लोकल आहे, कंपनीचा टाका. टाकला. तेच. मग म्हणला विंडोज करप्ट झालंय, तसंही विंडोज १० चा सपोर्ट आता संपला. संपला हे खरं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण सपोर्ट संपल्यानं कंट्रोल-व्ही बंद पडत नसतो, हे तेव्हा मला सुचलं नाही. फॉरमॅट मारला. आणि चालू झालं! त्यामुळं तो पोरगा खरा ठरला आणि मी पैसे देऊन मोकळा झालो. पुढचे दोन दिवस प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी फॉन्ट, अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ते मशीन चालायला लागणारं सॉफ्टवेअर) हे सगळं परत टाकण्यात गेले आणि लोक पायरीवरच.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

या वेळी समोर एक म्हातारे मामा बसले होते, बाजूच्या खेड्यातले. पोरगी म्हणली, मामा थांबा, कीबोर्ड चालंना गेलाय. मामा म्हणले कसा चालंना, आणि विहिरीवरच्या मोटारीचं स्टार्टर जसं दाबून धरतात तसं त्यांनी एक बटण बोटानं दाबून धरलं. आणि अक्षर उमटलं. मामा म्हणले, चालतंय की, तुमीच घाई करू लालाव.

मी बघतच राहिलो. आम्ही पटपट टायपिंग करणारी माणसं, आमचं एकही अक्षर लागेना आणि मामाचं लागलं. मग मीपण कंट्रोल दाबून धरलं, सेकंदभर थांबलो, वरून व्ही दाबून धरला, पेस्ट झालं. म्हणजे कीबोर्ड बरा, वायर बरी, विंडोज बरं, फक्त कॉम्प्युटर झटक्यात दाबलेलं बटण मोजतच नव्हता. सेटिंगमध्ये शोधत गेलो तर सापडलं, फिल्टर कीज नावाची सोय चालू झालेली. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी ती आहे, बोट चुकून लागलं तर ते अक्षर धरायचं नाही, नीट दाबून धरलं तरच धरायचं. चांगली सोय आहे. पण आम्ही कुणी ती चालू केली नव्हती.

चालू कशी झाली ते ऐका, कारण खरी गंमत इथंच आहे. उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की विंडोज टुंग असा आवाज करतं आणि फिल्टर कीज चालू करू का म्हणून पाटी येते. पोरगी नवीन, इनस्क्रिप्ट हा मराठीचा कीबोर्ड शिकायलेली, पाटी वाचायची तिला काय फुरसत, एंटर मारला आणि झालं. आता इंग्रजी टाईप करणारा माणूस आठ सेकंद शिफ्ट कशाला धरून बसंल? पण इनस्क्रिप्टमध्ये, जो कीबोर्ड १९९१ च्या भारतीय मानकात दिलेला आहे, अ आ इ ई उ ऊ ए ऐ ओ औ हे सगळे सुटे स्वर शिफ्टवर आहेत आणि सगळेच्या सगळे डाव्या हाताखाली आहेत. टायपिंगचा नियम काय, अक्षर डाव्या हाताचं असेल तर शिफ्ट उजवी. म्हणजे शब्द स्वरानं सुरू झाला की आधी उजवी शिफ्ट धरायची आणि मग अक्षर शोधायचं. शिकणारं पोरगं शिफ्ट धरून बसतं आणि औ कुठं आहे ते शोधत राहतं. तो क्यू वर आहे, पण सापडेपर्यंत आठ सेकंद होऊन जातात.

आणि आपल्या गावांची नावं बघा. औसा, उदगीर, अहमदपूर, अंबाजोगाई, उमरगा, आष्टी, औंढा. पत्ता लिहायला घेतला की पहिल्याच अक्षराला उजवी शिफ्ट. ण सुद्धा डाव्या हातालाच आहे आणि तोही शिफ्टवर, आता ण शिवाय मराठीत एक ओळ लिहून दाखवा. जाता जाता सांगतो, २०२३ मध्ये दोन जिल्ह्यांची नावं बदलली तेव्हा औ आणि उ जाऊन छ आणि ध आले, आणि ही दोन्ही अक्षरं उजव्या हाताची, म्हणजे शिफ्ट डावी. बाकी राजकारणाचं माहीत नाही पण आमच्या उजव्या करंगळीला तेवढा आराम पडला.

याचीच दुसरी बहीण म्हणजे स्टिकी कीज. मधे दुसरं काही न दाबता शिफ्ट पाच वेळा दाबली की तिची पाटी येते, आणि विचार करताना शिफ्ट टकटक वाजवायची सवय पोरांना असतेच. ही चालू झाली की कंट्रोल एकदा दाबून सोडला तरी पुढच्या बटणापर्यंत तो दाबलेलाच राहतो, आणि लागोपाठ दोनदा दाबला तर कुलूप लागल्यासारखा अडकूनच बसतो. मग ज लिहायला जावं तर प्रिंटची खिडकी उघडते, कारण ज पी वर आहे, आणि दोन मात्रा द्यायला जावं तर भरत आणलेल्या फॉर्मची टॅबच बंद होते, कारण ती मात्रा डब्ल्यू वर आहे. अर्धा तास भरलेला फॉर्म असा गेला की समोरचा माणूस आपल्याकडं कसं बघतो ते ज्याला माहीत त्याला माहीत. लोक याला व्हायरस म्हणतात. लातूरचा पोरगापण व्हायरसच म्हणला असता.

आता कुणी म्हणंल मग या सोयी काढूनच टाका. तसं नको. माझ्याकडं एक पोरगा टायपिंगला येतो, मळणी मशीनमध्ये एक हात गेलेला. कंट्रोल आणि टोकाचं बटण एका हातानं एकदम धरणं त्याला जमत नव्हतं, स्टिकी कीज चालू करून दिल्यापासून तो कॉपी पेस्ट सगळं एका हातानं करतो. आणि ज्या सोयीनं माझे पैसे घालवले तिच्याच बहिणीनं त्याचं काम सोपं केलं हे मला मान्य करावं लागतं. म्हणून सोय राहू द्या, फक्त शिफ्ट दाबून ती आपोआप चालू व्हायचा जो रस्ता आहे तेवढा बंद करा. विंडोज १० ला सेटिंगमध्ये इझ ऑफ ॲक्सेस आणि तिथं कीबोर्ड, विंडोज ११ ला ॲक्सेसिबिलिटी आणि तिथं कीबोर्ड, दोन्ही सोयींच्या खाली शॉर्टकटची वेगळी खूण आहे ती काढायची, दोन मिनिटांचं काम. आणि आत्ता अडकलेच असाल तर उजवी शिफ्ट परत आठ सेकंद धरा, फिल्टर कीज जाते. शिफ्ट परत पाच वेळा दाबा, स्टिकी जाते.

अजून एक, पासवर्डचं. डावीकडची ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबली गेली की इंग्रजीची मराठी होते, आणि पासवर्डच्या खान्यात नुसते ठिपके दिसत असल्यामुळं आत मराठी चाललीय हे कळतच नाही. पोरगी तीनदा टाकते, तीनदा चूक, मग लॉगिन लॉक आणि दिवसाचं काम ठप्प. खाली घड्याळाशेजारी कुठली भाषा आहे ते दिसतं, आधी तिकडं बघायचं मग पासवर्ड टाकायचा. मी तर ऑल्ट-शिफ्टचा शॉर्टकटच काढून टाकलाय, भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेस, ते चुकून दाबलं जात नाही.

आणि खरंच बटण गेलंय का हे बघायचं असेल तर फॉरमॅट कशाला लागतो? डावा कंट्रोल चालत नसेल तर उजवा दाबून बघा, उजव्यानं काम झालं तर डावं बटण गेलं. दोन्हीनं होत नसेल तर स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडा आणि माऊसनं कंट्रोल आणि सी दाबा, तिथं चाललं तर आधी फिल्टर कीज बंद आहे का बघा, ती बंद असूनही हातातला चालत नसेल तर खराबी हातातल्या कीबोर्डात, तिथंही नाही चाललं तर सेटिंग नाहीतर तो प्रोग्राम. एकाच प्रोग्रामात शॉर्टकट चालत नसेल आणि बाकी सगळीकडं चालत असेल तर कीबोर्डला दोष द्यायचाच नाही, मागं चालू असलेलं दुसरं कुठलं तरी सॉफ्टवेअर तो शॉर्टकट आधीच गिळत असतं. एफ-२ दाबला आणि आवाज कमी-जास्त झाला तर एफएनचं, म्हणजे वरच्या एफ बटणांचं काम बदलणारं, बटण लागलेलं आहे. हे एवढं जरी दुरुस्तीला येणाऱ्यानं आधी बघितलं तरी निम्मे फॉरमॅट वाचतील, पण मग त्याचं बिल कशाचं होणार हा प्रश्न आहेच.

माझं म्हणणं दोनच ठिकाणी पोचवा. एक, टायपिंगच्या परीक्षा जिथं होतात तिथं परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येक मशीनवरचे हे शिफ्टचे शॉर्टकट काढून ठेवावेत, ज्याला गरज आहे त्या उमेदवाराला सोय हातानं चालू करून द्यावी. मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेत मधेच टुंग करून पाटी आली की पोरगं घाबरतं, एंटर मारतं आणि पुढं एक अक्षर लागत नाही, आणि बाहेर येऊन सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. दोन, सेवा केंद्र चालवणाऱ्यांना जी ट्रेनिंग देतात त्यात पोर्टल कसं उघडायचं एवढंच सांगतात, त्यात हे दहा मिनिटं घाला. आणि तुमच्या पुरवणीत नव्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर अर्धं पान येतं, कधीतरी त्यातला एक कॉलम आमच्या कीबोर्डला द्या ही विनंती.

ते काढून टाकलेले दोन्ही कीबोर्ड माझ्या माळ्यावर पडलेत, दोन्ही चांगले चालू आहेत. कुणा शाळेला पाहिजे असतील तर फुकट घेऊन जावेत, तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान कुणीपण दाखवंल, फक्त दुपारी दोन ते तीन लाईट नसते.

आपला,
एक ऑनलाइन सेंटरवाला
औसा, जि. लातूर