पगाराच्या कागदावरच्या दोन रेघा

लाइपझिग, जर्मनी,
२ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

फराळ पोचला. चकल्या थोड्याच मोडल्या. मी ठणठणीत आहे, जाड जाकीट घेतलंय, जेवते वेळेवर.

बाबा, परवा फोनवर "धर्म सोडलास का?" विचारलंत, तेव्हापासून तुमचा तो आवाज कानातून जात नाही. पगाराच्या कागदावर धर्माच्या रकान्यात दोन आडव्या रेघा आहेत, त्यांचा अर्थ एवढाच की मी इथल्या चर्चची सभासद नाही. सभासदांच्या पगारातून सरकारच चर्च-कर कापतं, इन्कम टॅक्सच्या ९ टक्के, आणि चर्चला पोचवतं. या वसुलीची मजुरीही घेतं! नाव काढायचं तर पाद्रीबाबांकडे जायचं नाही, सरकारी कचेरीत जायचं. मला हे कळेचना. हा तर मार्टिन लूथरचा मुलूख, पोपविरुद्ध उभा राहून ज्याने प्रोटेस्टंट पंथ सुरू केला तो. राज्यकर्त्याचा हुकूम शरीरावर आणि मालमत्तेवर चालतो, श्रद्धेवर नाही, हे त्यानेच १५२३ मध्ये लिहिलं. मग सरकारने ही वसुली का करावी? पण १९१९ च्या राज्यघटनेतलं चर्च-कराचं हे कलम आजच्या घटनेतही तसंच ठेवलंय. मला अजून पटलेलं नाही. माझा मात्र एक पैसा कापला जात नाही आणि प्रार्थनेला चल असं कुणी म्हणालेलं नाही.

तुम्हाला आवडेल ते पुढेच आहे. इथल्याच सॅक्सनी राज्यात लाइसनिग नावाचं छोटं गाव आहे. त्याच १५२३ साली तिथल्या लोकांनी लूथरच्या सल्ल्याने चर्चच्या उत्पन्नाची सामाईक पेटी ठरवली. तिला चार कुलपं. एक किल्ली सरदारांकडे, एक नगरपरिषदेकडे, एक गावकऱ्यांकडे आणि एक आसपासच्या शेतकऱ्यांकडे. त्यातून म्हातारे, अनाथ, आजारी यांना मदत आणि अडलेल्या कारागिराला उसने पैसे. भीक मागायची वेळ कुणावर येऊ नये, हा हेतू. पुढे नगरपरिषदेनेच पैसे सोडायला खळखळ केली. देवस्थानच्या पेटीची किल्ली तुम्ही इतकी वर्षं सांभाळलीत, तुम्हाला यात नवल वाटणार नाही.

मी काम करते तो वृद्धाश्रमही चर्चच्या संस्थेचा, पैसा बराचसा सरकारी विम्याचा. लूथर म्हणायचा, पोराचे लंगोट धुणं हीसुद्धा देवाची सेवा. रात्रपाळीत ते आठवलं की बळ येतं. एका आजोबांच्या डोळ्यांत मी दिवसातून चारदा थेंब घालते. तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी ते शेजारच्या काकूंनी घातले.

₹४०,००० पाठवलेत. आधी सोसायटीचा हप्ता भरा, दादाच्या गाडीचं नंतर बघू. आई, कराडच्या स्थळाला नाही म्हणू नकोस, मार्चपर्यंत थांबा म्हण. मार्चमध्ये माझी इथली परीक्षा आहे. मी टाळत नाहीये गं. चर्चमध्ये लग्न करशील असंही मनात आणू नकोस.

बाबा, थेंबांची बाटली उघडून महिना झाला असेल. उरले असले तरी ते घालू नका, नवी आणा.

तुमची,
सुमी