चित्राताईंबद्दल, तुझ्या नव्या खुर्चीनिमित्त

प्रिय सुन्या,

गटशिक्षणाधिकारी झालास, अभिनंदन वगैरे फोनवर झालंच, पण तू तेव्हा म्हणालास ना, "आता काय, नुसत्या फायली, व्हिडिओ मीटिंगा आणि माहिती मागवणं", ते काही डोक्यातून जाईना म्हणून हे लांबण लावतोय.

तुला चित्राताई नाईक आठवतात का? जे. पी. नाईक नक्की आठवतील, देशाच्या शिक्षणाचा आराखडा आखणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव, 1964 ते 66, डीएडला, म्हणजे शिक्षक व्हायचा कोर्स करताना, आपण घोकलेलं. पण त्यांच्या बायकोबद्दल आपल्याला कुणी एका मार्काचाही प्रश्न विचारला नाही, आणि आपल्या राज्याच्या शिक्षणखात्यात वर्षानुवर्षं खपली ती ही बाई!

जन्म पुण्याचा, 1918 चा. 1953 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात जाऊन आल्या, आणि तिकडून आलेल्या माणसानं मुंबईत छान प्रोफेसरकी करावी की नाही, तर यांनी काम केलं कुठे, कोल्हापूर जिल्ह्यात, भुदरगड तालुक्यात गारगोटीला, मौनी विद्यापीठात, ग्रामीण शिक्षणाचं. पुढे सरकारी नोकरीत राज्य शिक्षण संस्था, म्हणजे आपण आज ज्याला एससीईआरटी म्हणतो, ती शिक्षक प्रशिक्षण नि संशोधनाची राज्य परिषद, त्याचं मूळ, ती त्यांनी उभी केली, आणि चढत चढत शिक्षण संचालक झाल्या. पद्मश्री 1986 ला, नंतर नियोजन आयोगावर सदस्य. ही यादी गुगलवर पण मिळेल, सोड.

मला खरा इंटरेस्ट आहे तो 1979 नंतरच्या कामात. संचालकपद भोगून झालेलं, आरामात समित्यांवर बसता आलं असतं, तर बाई पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत शिरल्या. नऊ ते चौदा वयाची पोरं, त्यातही पोरी जास्त, दिवसभर शेरडं राखणार, सरपण आणणार, धाकटं भावंड कडेवर. शाळा अकरा ते पाच, म्हणजे यांच्यासाठी नाहीच. मग वर्ग रात्री, जेवणंखाणं उरकल्यावर, कंदील लावून, दोनेक तास. शिकवणारा गावातलाच, फार शिकलेला नसला तरी चालेल पण पोरांना ओळखणारा. परीक्षेऐवजी बालजत्रा, आसपासच्या गावची पोरं एकत्र जमणार, वाचून दाखव, हिशेब कर, गाणी म्हण, आणि आईबाप कौतुकानं बघतायत! आपल्याकडे मूल्यमापन म्हटलं की शिक्षकाच्याच पोटात गोळा येतो, आणि ही बाई त्याची जत्रा करते.

आता माझं भांडणही आहे हां त्यांच्याशी. सायबाच्या पोराला दिवसाची शाळा आणि शेरडं राखणाऱ्या पोरीला रात्रीचा वर्ग, हे का म्हणून? सरकारनं पुढे अनौपचारिक शिक्षणाची, म्हणजे अशाच शाळेबाहेरच्या वर्गांची, योजना देशभर चालवली तेव्हा बऱ्याच ठिकाणी ते स्वस्तातलं शिक्षण होऊन बसलं, आणि 2009 च्या आरटीईनं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं, शेवटी सांगितलं की वयानुसार सरळ नियमित शाळेत घ्या. ते मला बरोबरच वाटतं. पण पोरं शाळा सोडतात त्या गळतीचा दोष आईबापांच्या "उदासीनते"वर ढकलायचा नाही, आधी शाळेचं घड्याळ तपासायचं, हे खात्याच्या सगळ्यात वरच्या खुर्चीवर बसून गेलेल्या बाईनं करून दाखवलं ना. खुर्चीत असताना त्यांनी किती गळतीचे तक्ते पाहिले असतील, त्याशिवाय नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळलं असतं का? म्हणून म्हणतो, फायलींना एवढा नाक मुरडू नकोस.

2010 च्या डिसेंबरात गेल्या. त्यांची भारतीय शिक्षण संस्था कोथरूडला आहे, जे. पी. नाईक पथावर. पुण्यात मीटिंगला आलास की जाऊ, लायब्ररी बघू, मग मिसळ.

आणि एक सांग. दिवाळी झाली की तुझ्या तालुक्यातली ऊसतोडीची पोरं आईबापाबरोबर कारखान्यावर निघतील, पटावर नावं तशीच राहतील. अशा पोरांना गावातच ठेवून घेणाऱ्या हंगामी वसतिगृहांचे प्रस्ताव गेलेत का रे तुमच्याकडून, की अजून सरपंचाच्या सहीला अडकलेत?

तुझाच,
बाळ्या