पिवडी तव्यावर टाकली तेव्हा

पुणे, १२ जुलै

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "इतकी वर्षं माती मळलीस आणि आता रंगाच्या पुड्या घोटत बसलास, हे कसं काय रे?" मी काहीतरी बोललो आणि विषय बदलला. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. तुला तरी नीट सांगायला हवं, आपण दोघांनी एकाच हौदातला शाडू तुडवलाय.

काही गोष्टी तुला ठाऊक आहेत. फायबर घासून घासून खोकला मागे लागला, डॉक्टरांनी ते काम बंदच करायला सांगितलं. त्याआधी त्या आठ फुटी पुतळ्याचं झालं. समितीने तीनदा चेहरा बदलायला लावला, आणि शेवटी साच्यात गेला तो चेहरा माझ्या हातचा वाटेना. त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. पण त्या रागाने मी शिल्प सोडलं असं समजू नकोस.

झालं ते एका प्लास्टरच्या लादीमुळे. हातभर लादी, मधोमध जेमतेम अर्धा इंच खोल खळगा. उजेडात तो उठून दिसेना, म्हणून घरातली कपड्यांची नीळ कोरडीच घेऊन बोटाने आत चोळली. खळग्याला तळच उरला नाही! बोट घालून पाहिलं तर पहिल्या पेराआधीच टेकतंय, डोळ्यांना मात्र कोपरापर्यंत हात जाईल असं वाटतंय. शिल्पकार अनिश कपूर १९७९ साली भारतात येऊन गेला आणि त्यानंतर त्याने कोरड्या रंगाच्या पुडीने झाकलेली शिल्पं केली. त्यांचे फोटो आपण कॉलेजात पाहिले होते. तेव्हा मला ती नुसती देखणी वाटली होती. त्या रात्री उमगलं, कोरड्या पुडीला चकाकी नसते, त्यामुळे पृष्ठभाग नक्की कुठे सुरू होतो हे डोळ्यांना सापडतच नाही. मी पहाटेपर्यंत त्या लादीसमोर बसून होतो.

मग बोहरी आळीतून पिवडी हा पिवळा रंग, गेरू, काजळी आणली. पिवडी हातात घेतली आणि ओळख पटली. अरे, ही तर मातीच! कामही आपलंच. पाण्यात ढवळायची, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या घमेल्यात ओतायचं, खाली बसलेली वाळू टाकून द्यायची. असं चार-पाच वेळा. शेवटी तळाशी जो साका बसतो तो लोण्यासारखा असतो.

तो वाळवून एकदा जुन्या लोखंडी तव्यावर टाकला. आधी कडेने नारिंगी झाला, मग विटकरी, मग इतका काळपट तपकिरी की वाटलं, जळला. गॅस बंद करून तसाच ठेवला. निवत गेला तसा त्यातून लाल उघडत आला. पिवडीतल्या लोहाच्या संयुगात पाणी बांधलेलं असतं, आचेने ते उडतं आणि गेरूत असतो तोच लाल उरतो. हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण स्वतःच्या तव्यावर पाहिलं तेव्हा, खरं सांगतो, डोळे भरून आले.

आता सकाळचे दोन तास घोटण्यात जातात. संगमरवराची लादी, काचेचा बत्ता, बाभळीच्या डिंकाचं पाणी, थोडा मध. सुरुवातीला खरखर ऐकू येते, मग बत्ता जड होतो, आणि आवाज थांबला की रंग झाला. डिंक कमी पडला तर रंग वाळल्यावर बोटाला लागतो, जास्त झाला तर चकाकतो आणि तडकतो. ते प्रमाण हातालाच कळतं, शाडूचं कळायचं तसंच.

अजिंठ्याला मागच्या थंडीत पुन्हा जाऊन आलो. या वेळी जिथे रंग उडालाय तिथेच उभा राहिलो. खाली तूस आणि गवताचे तंतू कालवलेली माती थापलेली दिसते. चित्राआधी तिथे मातीचंच काम झालंय. गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी, चुना, सगळं जवळपासचं. राजावर्त हा निळा दगड तेवढा अफगाणिस्तानातून आलेला.

पाताळेश्वराच्या लेण्यात आपण दुपारी जाऊन बसायचो, आठवतं? मी अजून जातो. तिथे सगळं दगड काढून घेऊन घडवलंय. चित्रकार गायतोंडेही रोलरने रंग चढवायचे आणि पॅलेट नाइफने काढायचे. माझ्या कॅनव्हासवर मी तेच शोधतोय. सात-आठ थर देतो, मग ओल्या फडक्याने, पात्याने खालचा थर गाठतो. बघायला येणारे विचारतात, हे काय काढलंय? आकार कुठलाच नाही, पण खालच्या कोपऱ्यातला लाल मला दगडासारखा जड हवा असतो, आणि तो जड झाला नाही तर मी चित्र पुसून टाकतो.

गणपतीनंतर येतोयस ना? येताना तुमच्या रत्नागिरीच्या घरामागची जांभ्याची माती आण, दोन ओंजळी पुरे. पालापाचोळा, खडे काढत बसू नकोस, इथे मी चाळून घेईन. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळव.

तुझाच,
मी