परसातल्या शेडसाठी आभार

वादळात परसातली लाकडी शेड कोसळली आणि अवजारं, सायकली, रंगाचे डबे सगळंच उघड्यावर आलं. नव्या शेड परवडण्यासारख्या नव्हत्या; ज्या स्वस्त होत्या त्यांचा पत्रा नुसता दाबला तरी वाकत होता.

दुकानातल्या ताईंनी मात्र महागडं मॉडेल गळ्यात मारलं नाही. उलट हळूच म्हणाल्या, "जुनी, सुटी केलेली शेड बघा. वरवरचा गंज चालेल, खालची पट्टी खाल्लेली नको." मालाचा खप सोडून असं सांगणारं माणूस विरळाच!

तशी शेड ज्यांच्याकडे मिळाली त्या काकांनी प्रत्येक पत्र्यावर खडूने आकडे घालून ठेवले होते, स्क्रू आणि वायसर वेगळ्या बरणीत. उभारायलाही स्वतः आले. दोन्ही कर्ण सारखे भरेपर्यंत चौकट सरकवत राहिले, कारण ती काटकोनात नसेल तर दार अडकतं. ओल चढू नये म्हणून तळाखाली विटा लावल्या, वाऱ्यासाठी चारही कोपरे जमिनीत जखडले. मजुरीचं विचारलं तर ऐकूच न आल्यासारखं केलं.

मोठा पाऊस होऊन गेला, आत थेंब नाही. ताई, काका, तुम्हा दोघांचे मनापासून आभार.